मनिलात घर बघताय? आधी हबागात समजून घ्या

मनिलात नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी तागालोग या फिलिपिन्सच्या भाषेतले दोन शब्द आधी पाठ करायला सांगते: अमिहान आणि हबागात. भाड्याचं घर, मुलांची शाळा, सुट्टीतला प्रवास, सगळं या दोन वाऱ्यांशी जोडलेलं आहे.

हबागात म्हणजे नैऋत्य मोसमी वारा. जूनमध्ये आपल्या कोकणात पाऊस आणतो तोच, इथेही जवळपास त्याच सुमारास येतो. अमिहान ईशान्येकडून येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मनिलाची हवा कोरडी, सुखद होते. दोन्ही शब्द स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीचे, ऑस्ट्रोनेशियन या बेटांवरच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषाकुळातले. हबागातचाच भाऊबंद मलयमधला ‘बारात’, म्हणजे पश्चिम. मनिला ज्या बेटावर आहे त्या लुझोनच्या उत्तर भागातल्या इलोकानो भाषेत तर ‘आमियानान’ म्हणजे उत्तर आणि ‘आबागातान’ म्हणजे दक्षिण. होड्यांवर जगणाऱ्या या लोकांची दिशा आणि वारा एकच होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कामाचं. वादळ आपल्या अंगावर येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. लुझोनच्या ईशान्येकडून जाणारं वादळ हबागातला खेचून घेतं आणि मनिलात कित्येक दिवस पाऊस कोसळतो. जुलै 2024 मधलं कारिना वादळ धडकलं तैवानला, पण पाण्यात गेलं मनिला. याच वादळाला भारतातल्या बातम्यांत ‘गेमी’ म्हणत होते. इथली हवामान संस्था पागासा आपली वेगळी नावं ठेवते, त्यामुळे घरून काळजीचा फोन आला तर दोन्ही नावं माहीत असलेली बरी.

म्हणून घर बघायला शक्यतो पावसाळ्यातच जा. तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का बघा, आणि एजंटपेक्षा कोपऱ्यावरच्या सारी-सारी, म्हणजे छोट्या किराणा दुकानातल्या बाईला विचारा. मारिकिना नदीजवळ राहणार असाल तर तीन आकडे लक्षात ठेवा: 15, 16 आणि 18 मीटर. हे नदीच्या इशाऱ्याचे टप्पे आहेत. 18 ला घर सोडायचंच असतं. सकाळी मुलांना उठवण्याआधी फोनवर ‘वालांग पासोक’ आलंय का बघा, म्हणजे शाळेला सुट्टी.

बोराकाय बेटावर फिरायला जायचं तर अमिहानात जा. पश्चिमेचा व्हाइट बीच तेव्हा शांत असतो. बिकोल, सामारसारखा पूर्व किनारा मात्र त्याच महिन्यांत भिजतो. तिकडचं तिकीट मार्चनंतरचं काढा.