ट्रॉलीची चासी घरी दुरुस्त करून बळकट कशी करावी

ऊस वाहणाऱ्या दोनचाकी ट्रॅक्टर-ट्रॉलीची चासी सहसा एकाएकी मोडत नाही. आडव्या चॅनेलच्या (C आकाराच्या लोखंडी पट्ट्याच्या) जोडापाशी केसाएवढी चीर पडते, पावसाळ्यात तिच्यात गंज धरतो आणि पुढच्या हंगामात ती उघडी पडते. म्हणून काम हंगामाआधीच काढावे.

ट्रॉली रिकामी करून ट्रॅक्टरपासून सोडवावी, चाकांना दगड लावावेत आणि चासी सपाट जमिनीवर मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. तळाचा पत्रा उतरवून तारेच्या ब्रशने गंज काढावा आणि हातोडीने ठोकत जावे. जिथे बद्द आवाज येतो किंवा लोखंड पातळ झालेले दिसते, तो तुकडा कापून त्याच मापाचे चॅनेल बसवावे. पक्के वेल्डिंग करण्यापूर्वी टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत 3-4 मिलिमीटरहून जास्त फरक असेल, तर चौकट तिरकी झाली आहे असे समजून टाके तोडावेत.

चीर बुजवताना तिच्या टोकाच्या किंचित पुढे 5-6 मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करून ती भरावी. 6013 हा वेल्डिंगचा रॉड वापरायला सोपा असला, तरी भार पेलणाऱ्या जोडासाठी कोरडा ठेवलेला 7018 बरा, 3.15 मिलिमीटरच्या रॉडला साधारण 100 ते 130 अँपिअर लागतात.

खरी चूक होते ती बळकटीसाठी वरून जादा पट्टी लावताना. ट्रॅक्टरला जोडायची कडी आणि ॲक्सल यांच्यामधल्या भागात चॅनेलची खालची कड ताणली जाते, तर ॲक्सलवर आणि त्यामागे वरची. या ताणलेल्या कडेवर आडवे वेल्डिंग केले, की नवी चीर तिथूनच सुरू होते. पट्टी चॅनेलच्या उभ्या पाठीवर लावावी, तिची टोके निमुळती कापावीत आणि वेल्डिंग लांबीच्या दिशेने करावे. आमच्याकडे जाड चौकोनी तुकडा ठोकण्याची हौस फार. तो स्वतः टिकतो आणि शेजारचे चॅनेल तोडतो.

वेल्डिंग 50 मिलिमीटरच्या तुकड्यांत, आलटून-पालटून समोरच्या बाजूंना करावे, नाहीतर उष्णतेने चॅनेल वाकते. अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या जागेलगतच लावावा, कारण वीज चाकाच्या बेअरिंगमधून गेल्यास ते खराब होते. आजूबाजूचे पाचट आधीच झाडून पाणी जवळ ठेवावे.

ओढण्याची कडी आणि ॲक्सल मात्र जाणकार वर्कशॉपकडेच द्यावेत. तिथली चूक रस्त्यावर ट्रॉली सुटल्यावरच कळते. शेवटी रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात देऊन, पाणी साचेल अशा प्रत्येक खोलगट जागी निचऱ्याचे छिद्र ठेवावे.