न्यू जर्सीत कोर्टाचा कागद आला तर आधी कोर्टाचं नाव वाचा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण घरून शिकून येतो. इथं त्याच शिकवणीपायी आपली माणसं नुकसान करून घेतात. दावा आल्याची लाज वाटते, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून कुणाला सांगत नाहीत आणि पाकीट कपाटात जातं.

आपल्याकडे केंद्राचा कायदा असो की राज्याचा, खटला एकाच जिल्हा न्यायालयात चालतो. अमेरिकेत दोन वेगळ्या यंत्रणा आहेत: राज्याची आणि फेडरल, म्हणजे केंद्राची. घरमालकाशी भांडण, घटस्फोट, उधारी या गोष्टी राज्याच्या सुपीरिअर कोर्टात, काउंटीप्रमाणे (म्हणजे जिल्ह्याप्रमाणे) चालतात. स्पीडिंगचं तिकीट म्युनिसिपल कोर्टात. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी मात्र अख्खं न्यू जर्सी मिळून एकच डिस्ट्रिक्ट. ते नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन इथं बसतं. त्याच्यावरचं अपील फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाकडे. फेडरल कायद्याचा प्रश्न असेल, किंवा दोन पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे आणि मागणी 75,000 डॉलरपेक्षा जास्त असेल, तर दावा सहसा फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात येऊ शकतो. नोकरीतल्या भेदभावाचा फेडरल दावाही इथं करता येतो. पण सहसा आधी ईईओसीकडे (अशा तक्रारी पाहणाऱ्या फेडरल संस्थेकडे) तक्रार करावी लागते आणि दावा करायची मुभा देणारं त्यांचं ‘राइट टू स्यू’ पत्र हाती आल्यापासून 90 दिवसांत दावा दाखल व्हायला हवा.

आता कळकळीनं सांगतो. फेडरल कोर्टाचं समन्स बजावल्यापासून उत्तराला साधारणपणे 21 दिवस मिळतात, सुपीरिअर कोर्टाच्या नेहमीच्या दिवाणी दाव्यात 35. म्हणून कागदाच्या माथ्यावरचं नाव आधी वाचा आणि कागद मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. घरात राहणाऱ्या जाणत्या माणसानं कागद घेतला, तरी फेडरल नियमांप्रमाणे तो तुम्हाला मिळाला असं धरता येतं. माझ्या ओळखीतल्या एकाच्या छोट्या आयटी कंपनीवर दावा आला. आपण काही केलेलंच नाही, कोर्टाला ते कळेलच, अशा भरवशावर तो बसून राहिला. एकतर्फी निकाल लागला आणि तो फिरवण्यासाठी वकिलाला द्यावे लागलेले पैसे मूळ उत्तराच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त होते. व्यक्ती स्वतःची बाजू स्वतः मांडू शकते, कंपनीला फेडरल कोर्टात वकील लागतोच. क्लार्कच्या खिडकीवरची माणसं सौजन्यानं बोलतात, फॉर्म दाखवतात. कायद्याचा सल्ला मात्र देत नाहीत. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवरही घेऊ नका.

इमिग्रेशन कोर्ट राज्याच्या किंवा फेडरल अशा दोन्ही कोर्टांत येत नाही, ते केंद्र सरकारच्या न्याय खात्याच्या हाताखाली आहे. नागरिकत्वाच्या मुलाखतीनंतर 120 दिवस निर्णय आला नाही, तर मात्र डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे दाद मागता येते.

ज्युरी ड्यूटीची (खटल्यात निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळात बसण्याची) प्रश्नावली आली आणि तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल, तर ‘नागरिक नाही’ असं खरं लिहून परत पाठवा. ग्रीन कार्ड असलं तरी ज्युरीत बसता येत नाही आणि नागरिक असल्याचं खोटं लिहिलंत तर पुढं ग्रीन कार्डही धोक्यात येतं. ‘ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, आत्ता पैसे भरा’ असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. कोर्ट असे पैसे फोनवर मागत नाही.