‘अबाउट’ पानावर लिहायचं तरी काय?

ओळखीतल्या कुणी ईमेलने येणारं न्यूजलेटर सुरू केलं की मी आधी त्याचं ‘अबाउट’ पान, म्हणजे न्यूजलेटरची ओळख करून देणारं पान, उघडतो. पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं: ‘वाचकांशी संवाद साधण्याचा हा एक छोटासा प्रयत्न.’ यात खोटं काही नाही, पण हे वाक्य पाककृतींच्या न्यूजलेटरला चालतं तसं शेअर बाजाराच्या न्यूजलेटरलाही चालतं. तेव्हा आधी ते खोडा.

या पानावर येणाऱ्याने बहुतेक वेळा तुमचा एखादा अंक वाचलेला असतो. आवडलाही असतो. ईमेल द्यावा की नको, एवढंच त्याचं ठरत नसतं. काय येणार, कधी येणार, वाचायला किती वेळ लागणार, पैसे पडणार का, हे त्याला सांगून टाका. समजा, तुम्ही जुन्या घड्याळांवर लिहिता. मग: ‘दर रविवारी एक बंद पडलेलं चावीचं घड्याळ उघडतो. काय बिघडलं होतं आणि ते कसं सुरू झालं, फोटोंसकट. सात-आठ मिनिटांचं वाचन. सगळे अंक मोफत.’ झालं. ज्याला घड्याळांत रस नाही तो इथूनच परत फिरेल. फिरू द्या. अंक न उघडणाऱ्यांनी यादी फुगवून करायचंय काय?

मग स्वतःबद्दल, थोडक्यात. ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ नको. या विषयावर तुमचं का ऐकायचं, ते लिहा. ‘दुरुस्तीचं दुकान चालवतो’ चालेल, ‘अजून शिकतोय, शिकता शिकता लिहून ठेवतो’ हेही चालेल. स्वतःच स्वतःला ‘ते एक सिद्धहस्त लेखक आहेत’ म्हणणारे भेटतात, तेव्हा मला तरी हसू आवरत नाही.

त्याखाली दोन-तीन जुन्या अंकांच्या लिंक द्या. सगळ्यात नवे नव्हे, सगळ्यात चांगले. आणि प्रत्येकापुढे एक ओळ: आत काय आहे.

सशुल्क अंक असतील तर पैसे भरणाऱ्याला जास्तीचं नेमकं काय मिळतं, ते लिहा. ‘पाठिंबा द्या’ एवढ्यावर भागत नाही.

सबस्टॅकवर, म्हणजे न्यूजलेटर चालवण्याच्या एका वेबसाइटवर, हे पान कोरं नसतं. ‘व्हाय सबस्क्राइब?’ वगैरे इंग्रजी नमुना मजकूर आधीच भरलेला असतो, आणि मराठी न्यूजलेटरांवरही तो तसाच राहून जातो. पुसून टाका. मग पान मोबाईलवर उघडून बघा, कारण लांबलचक परिच्छेद तिथेच अंगावर येतात. पुढे कधी रविवारचा अंक महिन्यावर गेला, तर ‘दर रविवारी’ची ती ओळ त्याच दिवशी बदला.