तीर्थनवर ट्राउट धरायचाय? आधी दगड उलटून बघा

उन्हाळ्यात हिमाचलला जाणार असाल तर कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे पिसं-दोऱ्याने किड्यासारखा सजवलेला गळ (फ्लाय) टाकून मासे धरायला, दोन दिवस काढाच, बंजारच्या पुढे गुशैनीच्या आसपास पाणी इतकं नितळ असतं की तळातले गोटे दिसतात. आधी मत्स्य विभागाचं लायसन्स काढा आणि किती नि केवढे मासे ठेवता येतात ते नीट विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या विणीचा काळ, तेव्हा मासेमारी बंद. जुलै-ऑगस्टात पावसाने पाणी गढूळ, म्हणजे आपल्याला मार्च ते जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर.

मे-जूनमध्ये दिवसभर ऊन लागून वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पाणी चढतं, म्हणून उजाडताच नदीवर पोचा. 9 फुटी 5 नंबरचा (मध्यम वजनाच्या लाइनचा) रॉड, फ्लोटिंग म्हणजे पाण्यावर तरंगणारी लाइन आणि 9 फुटी लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक पारदर्शक दोरा, एवढं पुरतं.

पोचल्यावर लगेच गळ टाकायला धावू नका. काठाजवळचा एक दगड उचलून उलटा करा. खाली चपटे, तीन शेपट्यांचे बारके किडे सरपटत असतात, आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या दिसतात, त्यात कॅडिस नावाच्या पतंगासारख्या किड्याची अळी असते. ट्राउट बहुतेक वेळ हेच खातो, तेव्हा याच रंगाची, याच मापाची निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय बांधा, 14 किंवा 16 नंबरच्या बारक्या गळाची. पाण्यावर मासे उसळताना दिसले तरच ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून मोठ्या दगडाआड उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने जायचं आणि फ्लाय त्याच्या पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची. लांब फेकायचा मोह सोडा, 20-25 फूट खूप झालं. खरी गोम पुढे आहे, फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहत आली पाहिजे. मधल्या जोरदार धारेने लाइन ओढली की फ्लाय घसटत येते आणि मासा तोंड फिरवतो, म्हणून लाइन पाण्यावर पडताक्षणी रॉडचं टोक अलगद वर फिरवून ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. नवख्यांचे बहुतेक मासे इथेच जातात, मी स्वतः पहिले दोन दिवस इथेच घालवले.

लाइन जरा जरी थबकली तरी माशाने फ्लाय तोंडात घेतली असं समजून रॉड उचला. मासा सोडायचा असेल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करून ठेवा, हात ओले करूनच त्याला धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरून ठेवा, शेपटी मारून तो आपणहून सुटेपर्यंत.