शेल्टरमधल्या मांजरात कुठलं रक्त आहे, हे कसं ओळखावं

इंदूरच्या कुठल्याही शेल्टरमध्ये मांजर बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही कुठल्या ब्रीडची?" राखाडी दिसली की रशियन ब्लू, अंगावर ठिपके दिसले की बेंगाल, केस लांब असले की पर्शियन. फोटो फॅमिली ग्रुपवर पडला की टिळकनगरच्या आत्यापासून पुण्याच्या मामेभावापर्यंत सगळेच जाणकार होतात. अंदाज जरूर बांधावा, पण तो बहुतेकजण रंगावरून बांधतात आणि रंग हाच सगळ्यात कच्चा पुरावा आहे. क्रम असा ठेवा: आधी हाडं, मग केस, त्यानंतर रंग आणि स्वभाव अगदी शेवटी.

आधी "देशी" लिहून टाका

माणसाच्या घरात मांजर आलं त्याला सुमारे दहा हजार वर्षं झाली. ते पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं. ब्रीड ही गोष्ट मात्र अलीकडची. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं गाजलेलं मांजर-प्रदर्शन १८७१ सालचं आणि अमेरिकेतली मांजरांची वंशनोंद ठेवणारी सीएफए ही संस्था १९०६ची. म्हणजे गल्लीतली मांजर ही चार ब्रीडची भेसळ नव्हे. गावरान बियाणं आधीचं आणि पाकीटबंद बियाणं त्यातून निवडलेलं, तसंच इथे आहे. म्हणून सुरुवात "देशी"पासून करायची आणि बाहेरचं रक्त आहे असं म्हणायला पुरावा मागायचा.

आपल्याकडे असा पुरावा सापडलाच तर तो बहुधा पर्शियनचा असतो. पेट शॉपमध्ये जास्त विकलं जातं तेच मांजर, आणि हौस फिटल्यावर सोडून दिलं जातं तेही तेच. नसबंदी न केलेला पर्शियन बोका एकदा गच्चीवरून निसटला की पुढचं सांगायला नको. बेंगाल किंवा मेन कूनसारखी महागडी मांजरं लोक सहसा दाराबाहेर पडू देत नाहीत, त्यामुळे त्यांचा संशय शेवटी घ्यावा.

चेहरा बाजूने बघा

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दबून बसलेल्या मांजरावरून काहीही ठरवू नका. घाबरलेलं मांजर कान पाडतं आणि अंग आखडून घेतं, मग त्याचे पाय आखूड वाटतात, मान दिसत नाही. त्याला थोडं रुळू द्या, चालू द्या, आणि मग बाजूने बघा.

देशी मांजराच्या कपाळापासून नाकापर्यंत हलका उतार असतो आणि नाकाचं टोक डोळ्यांच्या बरंच खाली येतं. पर्शियनमध्ये दोन डोळ्यांच्या मधोमध खळगा पडतो आणि नाक वर सरकतं. दुकानदार याच्या पायऱ्या सांगतात: डॉल फेस (नाक नीट दिसणारं), सेमी पंच (थोडं बसकं), पंच फेस (पार चपटं). पर्शियन आणि देशी यांच्या पहिल्या पिढीत चेहरा साधारण मधला येतो. नाक जरा आखूड, डोळे गोल आणि मोठे, कान लहान आणि एकमेकांपासून लांब, पाय जाड, शेपूट बुटकी. यातली एखादी खूण असून भागत नाही, तीन-चार एकत्र दिसल्या तर "पर्शियन संकर" म्हणायला जागा आहे.

इथे दोन चकवे आहेत. पहिला गालांचा. नसबंदी न झालेल्या पोक्त बोक्याचे गाल हार्मोनमुळे भरतात, डोकं रुंद होतं आणि लोक त्याला ब्रिटिश शॉर्टहेअर ठरवून मोकळे होतात. गाल सोडून नाक बघा. दुसरा चकवा डोळ्यांच्या पाण्याचा. चपट्या चेहऱ्याच्या मांजरांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून नाकाशेजारी तपकिरी रेघ पडते हे खरं, पण शेल्टरमध्ये मांजरांना होणाऱ्या सर्दीतही डोळे वाहतात. सोबत शिंका आणि पिवळट चिकट स्राव असेल तर ब्रीडचा विचार नंतर, डॉक्टर आधी.

आणि सडपातळ अंग, मोठे कान, लांब पाय बघून "सयामी" म्हणू नका. आपल्या उन्हाळ्याच्या प्रदेशात देशी मांजराची ठेवणच तशी असते.

केस फुंकर मारून बघा

लांब केस हा अप्रभावी गुण आहे. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक आलं तरच पिल्लाचे केस लांब होतात. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यायला हवा. आखूड केसांच्या दोन देशी मांजरांच्या पोटी झुबकेदार पिल्लू जन्मू शकतं, फक्त दोघांनी ते जनुक लपवून आणलेलं असलं पाहिजे. उलट, पर्शियन बाप आणि देशी भाटी यांची पिल्लं बहुधा आखूड केसांचीच होतात. म्हणजे खरंखुरं अर्धं पर्शियन पिल्लू केसांवरून ओळखूच येणार नाही, आणि झुपकेदार शेपटीवाल्या मांजरात पर्शियनचा अंशही नसेल.

केसांची लांबी सोडा, खालचा थर बघा. पाठीवर केसांत हलकी फुंकर मारा किंवा बोटांनी भांग पाडा. पर्शियन वळणाच्या केसांखाली कापसासारखा मऊ, दाट थर लागतो आणि कानामागे, बगलेत, पोटावर त्याच्या गाठी होतात. उन्हाळ्यात जटा झाल्या म्हणून मशीन फिरवलेलं मांजर असेल, तर केस परत येईपर्यंत या पायरीचा नाद सोडा.

रंगाचे ठोकताळे

कपाळावरचं इंग्रजी एम अक्षर प्रत्येक पट्टेरी मांजराला असतं, ते कुठल्याही घराण्याचं चिन्ह नव्हे. राखाडी रंग म्हणजे काळ्याचीच फिकट आवृत्ती, आणि ते जनुक गल्लीतल्या मांजरांतही फिरतं. पिवळ्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं आहे, म्हणून पिवळी मांजरं जास्त करून बोके असतात आणि तिरंगी जवळजवळ नेहमी भाटी. यावरून लिंगाचा अंदाज येतो, ब्रीडचा नाही. पांढरं अंग आणि फक्त डोकं-शेपूट रंगीत असेल तर हौशी लोक टर्किश व्हॅन म्हणतात, पण पांढऱ्या डागांचं जनुक जोरात उमटलं की देशी मांजरही तसंच दिसतं.

ठिपक्यांचं थोडं सविस्तर. बेंगाल ही जात अमेरिकेत, आशियातल्या रानटी बिबट्या-मांजराशी घरच्या मांजराचा संकर करून तयार झाली. तिच्या अंगावरच्या उठावदार ठिपक्यांना गडद कडा आणि आत फिकट रंग असतो. सगळा ठिपका एकाच रंगाचा असेल तर तो तुटलेला पट्टा समजा, असे ठिपके आपल्या मांजरांत पुष्कळ दिसतात.

काळ्या मांजराला गच्चीवरचं ऊन लागलं की केसांची टोकं तांबूस होतात आणि घरात "चॉकलेट रंगाची" म्हणून कौतुक सुरू होतं. केस बाजूला करून मूळ बघा. मूळ काळं असेल तर मांजर काळंच.

रंगातला एकच पुरावा मी गंभीरपणे घेते, तो म्हणजे सयामी ठेवणीचा: फिकट अंग, गडद तोंड-कान-पाय-शेपूट आणि निळे डोळे. हेही आईबाप दोघांकडून यावं लागतं, म्हणजे मागे कुठेतरी सयामी किंवा हिमालयन (सयामी रंगाची पर्शियन) रक्त असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे. या मांजरांत रंग तयार करणारं एन्झाइम थंड जागीच काम करतं, म्हणून शरीराची थंड टोकं काळवंडतात. खात्री करायची सोपी जागा म्हणजे नसबंदीच्या वेळी भादरलेला चौकोन. उघडी पडलेली कातडी गार राहते, त्यामुळे तिथे नवे केस गडद उगवतात आणि पुढच्या केसगळतीनंतर ते पुन्हा फिकट होतात. माळव्याच्या थंडीत अशी मांजरं एकूणच जरा सावळी होतात.

पिल्लांचे डोळे मात्र सुरुवातीला निळेच असतात, सहा-सात आठवड्यांनंतर खरा रंग दिसू लागतो. आणि मांजर पूर्ण पांढरं, डोळे निळे असतील तर ब्रीड शोधण्याआधी ते ऐकतं का ते तपासा: त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहून किल्ल्या वाजवा. अशा मांजरांत बहिरेपणाचं प्रमाण मोठं असतं.

स्वभाव

फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१९मध्ये हजारो मांजरांच्या नोंदी तपासल्या आणि ब्रीडनुसार स्वभावात खरोखर फरक दिसला. पण तो हजारोंच्या सरासरीतला फरक. समोरच्या एका मांजराचा स्वभाव दोन ते सात आठवड्यांच्या वयात त्याला माणसाचा हात किती लागला यावर बराच ठरतो. सारखी ओरडते म्हणून सयामी? भुकेली असेल, नाहीतर माजावर आली असेल. उचलल्यावर अंग सैल सोडते म्हणून रॅगडॉल? भीतीने गारठली असेल. शांत बसून राहते म्हणून पर्शियन? ताप आहे का ते आधी बघा. हाडं आणि केस दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच स्वभावाची साक्ष काढा.

भावंडांवरूनही फसू नका. एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. "ताई, हिचा बाप पर्शियन होता का हो?" असं विचारलं की शेल्टरवाली ताई हसून म्हणते, "बाप कुणी बघितलाय, वहिनी!"

अंदाज कशासाठी वापरायचा

समजा राखाडी, आखूड केसांची भाटी आहे. नाक बसकं, डोळे गोल, फुंकर मारली की खाली दाट थर. तिच्या कार्डावर "रशियन ब्लू मिक्स" लिहू नका. "देशी, पर्शियन संकराची शक्यता" असं लिहा. या एका ओळीचा डॉक्टरांना उपयोग होतो. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो आणि तो आई किंवा बाप एकाकडूनही येऊ शकतो. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीबद्दल विचारा. गालाच्या आतून बोळा फिरवून करायची डीएनए चाचणीही असते, पण ती नमुना आपल्याजवळच्या ब्रीडशीच ताडून बघते, म्हणून देशी मांजराच्या अहवालातली टक्केवारी फार मनावर घेऊ नये. त्यातली आजारांच्या जनुकांची माहिती तेवढी कामाची.

नाक बसकं असेल तर पहिला उन्हाळा सांभाळून काढा. असं मांजर धापा टाकून अंग थंड करण्यात कमी पडतं. मे महिन्यात तिला डॉक्टरांकडे न्यायचं तर सकाळी लवकर न्या, बास्केट उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आणि दुपारी तोंड उघडं टाकून श्वास घेताना दिसली तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका.