सरकारी कामकाजाची जुनी तिकिटं गोळा करताय? या चुका टाळा

सरकारी खात्यांच्या टपालासाठी काढलेलं जुनं तिकीट हातात आलं की नजर आधी राजा-राणीच्या चेहऱ्यावर जाते. बहुतेक चुका इथंच सुरू होतात. तो चेहरा लाखोंनी छापलेला असतो. तिकिटाला दुर्मीळ करतात ती नंतर त्यावर उमटवलेली मोजकी अक्षरं, म्हणजेच ओव्हरप्रिंट: ‘सर्व्हिस’, ‘ऑन एच.एम.एस.’ (राणीच्या किंवा राजाच्या सेवेत), ‘आय.आर. ऑफिशियल’ (ब्रिटनच्या महसूल खात्यासाठी). म्हणजे स्वस्तातलं साधं तिकीट घेऊन कुणीही त्यावर ती अक्षरं छापू शकतो, आणि गेल्या शंभर वर्षांत हे असंख्य वेळा झालं आहे.

ओव्हरप्रिंट न तपासता तिकीट घेणं

वापरलेलं सरकारी तिकीट म्हणजे चार थर: खाली कागद, त्यावर चित्र, चित्रावर ओव्हरप्रिंट आणि सगळ्यांत वर टपालाचा शिक्का. हा क्रम उलटा असू शकत नाही, कारण तिकीट आधी छापून खात्याकडे जातं, मग पाकिटावर लागतं आणि त्यानंतर त्यावर शिक्का बसतो. दहापट भिंगाखाली, एका बाजूनं तिरका प्रकाश टाकून, शिक्क्याची रेघ अक्षराला जिथं छेदते ती जागा शोधा. अक्षराची शाई शिक्क्याच्या वर बसलेली दिसली, तर अक्षरं नंतर कुणीतरी छापली आहेत. शिक्का अक्षरांना शिवतच नसेल तर या तपासणीतून काहीच ठरत नाही. तिथं मनाचं समाधान करून घेऊ नका.

माझ्या संग्रहात व्हिक्टोरिया राणीचं ‘ऑन एच.एम.एस.’ असलेलं एक देखणं तिकीट कित्येक वर्षं मानाच्या पानावर होतं. घेताना मी कडेचे दात मोजले, वॉटरमार्क (कागदातली छुपी खूण) पाहिला, रंग कॅटलॉगशी ताडला. सगळं बरोबर होतं, कारण मूळ तिकीट अस्सलच होतं. शिक्का अक्षरांखालून गेलेला आहे हे लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं. दात, कागद आणि वॉटरमार्क फक्त तिकिटाबद्दल सांगतात, अक्षरांबद्दल एक शब्दही नाही.

कोऱ्या तिकिटावर शिक्क्याची मदत नसते. तिथं अक्षराच्या कडा बघा. जुन्या खिळ्यांच्या छपाईत दाबामुळे शाई कडेला सरकते, म्हणून कडा गडद आणि मधला भाग किंचित फिका दिसतो. बऱ्याचदा मागच्या बाजूनं हलका ठसाही जाणवतो. आजच्या प्रिंटरची शाई बारीक ठिपक्यांत फुटलेली असते, किंवा चकाकत्या भुकटीसारखी कागदावर तरंगते. दोन अक्षरांमधलं अंतर आणि ओळीची लांबी अस्सल नमुन्याच्या मोठ्या छायाचित्राशी ताडून पाहा. अक्षराचा आकार बरोबर जमवणारेही अंतरात चुकतात.

शिक्क्यावरची तारीख वाचता येत असेल तर तीही बघा. भारतात सरकारी तिकिटं १ ऑगस्ट १८६६ पासून आली. ‘ऑन एच.एम.एस.’ हा मजकूर १८७४ पासूनचा आहे आणि पाचव्या जॉर्जच्या तिकिटांवर १९१२ पासून पुन्हा ‘सर्व्हिस’ आलं. तारीख आणि मजकूर यांचा मेळ बसला नाही, तर पुढं काही तपासायची गरजच उरत नाही.

‘आजोबांच्या वहीत सापडलं’ यावर विश्वास

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापली होती. यांतले अवघे शंभर संच गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ छापून दिले गेले. २०१७ मध्ये दहा रुपयांच्या अशा चार तिकिटांची सलग पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली. बिनअक्षरी संच मात्र आजही सहज मिळतो. त्यामुळे बनावट ‘सर्व्हिस’ छापणाऱ्याला कच्च्या मालाची कमतरता नाही. जुनी वही, पिवळं पडलेलं पान, घरातली हकीकत यांतलं काहीही पुरावा नाही.

ब्रिटनचं सहा पेनीचं एडवर्ड राजाचं ‘आय.आर. ऑफिशियल’ तसंच आहे. १४ मे १९०४ रोजी तिथली खात्यांची सगळी तिकिटं एकदम मागे घेतली गेली, म्हणून हे तिकीट जेमतेम वापरात आलं. अशा तिकिटाला लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थेच्या तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र हवंच. आणि प्रमाणपत्र मिळालं की तिथंच थांबू नका. त्यावरच्या छायाचित्रातले दात, शिक्क्याची जागा, एखादा आखूड कोपरा हे सगळं हातातल्या तिकिटाशी जुळतं का ते पाहा. अस्सल प्रमाणपत्र दुसऱ्याच तिकिटाबरोबर फिरत असतं.

वेगळं दिसलं म्हणून टाकून देणं

स्पेननं १८५४ मध्ये काढलेल्या सरकारी तिकिटांवर किंमत नाही, वजन आहे: अर्धा औंस, एक औंस, चार औंस, एक पौंड. रंगीत कागदावर काळी छपाई. पैशांचा आकडा दिसत नाही म्हणून ‘ही कसली तरी लेबलं’ असं समजून लोक ती बाजूला काढतात.

अमेरिकेत १८७३ मध्ये नऊ खात्यांना आपापल्या रंगाची तिकिटं मिळाली. टपाल खात्याच्या तिकिटावर कुणाचा चेहराच नाही, मोठा आकडा आहे. खात्यांच्या या तिकिटांपैकी ‘स्पेसिमेन’ (नमुना) छापलेली १८७५ ची तिकिटं संग्राहकांना विकण्यासाठीची वेगळी छपाई आहेत, ती खात्याच्या तिकिटांच्या रांगेत लावू नका. रंगावरून खातं ठरवतानाही जपा. शेती खात्याचा पिवळा उन्हात लवकर विटतो.

भोकं पाडलेल्या तिकिटांचीही हीच गत. ऑस्ट्रेलियानं १९१३ पासून कांगारूच्या तिकिटांवर ‘ओ.एस.’ ही सरकारी कामाची अक्षरं भोकांनी पाडली, कॅनडानं ‘ओ.एच.एम.एस.’ (‘ऑन एच.एम.एस.’चंच लघुरूप). नवखा माणूस ‘फाटकं’ म्हणून सोडून देतो, आणि जाणता माणूस घाईत बनावट भोकं विकत घेतो. कॅनडाच्या भोकांची दोन मापं आहेत, अक्षराच्या उभ्या रेघेत पाच भोकं किंवा चार. भोकं मोजा, त्यांचा व्यास आणि अंतर बघा. हाती पाडलेल्या भोकांची ओळ वाकडी होते.

पाण्यात बुडवणं

मला सगळ्यांत जास्त हळहळ याचीच वाटते. ब्रिटनच्या १८८० च्या दशकातल्या जांभळ्या आणि हिरव्या तिकिटांची शाई मुद्दाम पाण्यात विरघळणारी केली होती, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. ‘आय.आर. ऑफिशियल’ यांतल्याच काही तिकिटांवर आहे. पाच मिनिटं पाण्यात ठेवलं की हिरवा निळसर किंवा पिवळट होतो आणि तो परत येत नाही. ज्या शाईची खात्री नाही, ते तिकीट कागदासकट ठेवा. रंग आधीच उतरला असेल तर ‘दुर्मीळ छटा’ म्हणून नोंद करण्याआधी न भिजलेला नमुना शेजारी ठेवून बघा.

आणि पाकिटावरचं सरकारी तिकीट तर कापूच नका. छापील खात्याचं नाव, अधिकाऱ्याची सही, पोहोचल्याचा मागचा शिक्का, तिकीट आणि पाकीट दोन्हींवर एकसंध बसलेला पुढचा शिक्का, यांवरूनच कळतं की ते तिकीट खरोखर सरकारी टपालातून गेलं. शिक्क्याची रेघ तिकिटाच्या कडेशी अचानक थांबत असेल, तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. खाजगी माणसाच्या साध्या पत्रावर सरकारी तिकीट दिसलं तर ते का लागलं हे आधी शोधा, मग पैसे काढा.