मीटरवर बारा व्होल्ट, तरी पंखा बंद

गॅरेजमध्ये शिकायला लागून वर्ष होत आलं होतं. एका गाडीचा रेडिएटरचा पंखा लागत नव्हता. मी कपलर, म्हणजे मोटरच्या वायरींचा जोड, काढून मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले. करंट येतोय आणि पंखा फिरत नाही, म्हणजे मोटर गेली, असं म्हणून नवी बसवली. तीही फिरेना. उस्तादांनी काही न बोलता मी काढलेली जुनी मोटर उचलली, दोन वायरी थेट बॅटरीला लावल्या, आणि ती हातातून निसटेल इतक्या जोरात गरगरली.

या कामात नवे असाल तर पान्याला हात लावण्याआधी गाडीवाल्याला विचारा, गाडी तापते कधी? रखडत चालताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर संशय पंख्यावर. वेगात वारा आपणहून रेडिएटरमधून जातो, पंख्याचं काम उरत नाही. वेगातही तापत असेल तर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), थर्मोस्टॅट (त्याची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह), तुंबलेला रेडिएटर यांच्याकडे वळा. कुलंटची पातळी तर इंजिन थंड असताना सगळ्यात आधी बघायची. ते कमी असलं की तापमान मोजणारा सेन्सर उघडा पडतो, इंजिन उकळत असतं आणि त्याला पत्ताच नसतो. पंखा बिचारा हुकमाची वाट बघत बसतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

पात्याजवळ हात घालायचा तर आधी कपलर काढा. चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो, अशा गाड्या पुष्कळ आहेत. पातं बोटाने फिरवून बघा. ते मोकळं फिरतं, पण कपलर परत जोडल्यावर मोटर सुरू होत नाही आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर होते, तर बहुधा मोटरच्या आतले, करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत.

मग इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा लागतोच. एसीवर लागतो आणि नुसत्या तापण्यावर लागत नाही, तर मोटरचा नाद सोडा, सेन्सर आणि त्याची वायर बघा. दोन वेगांच्या पंख्यात हळू वेग गायब आणि जोराचा शाबूत असेल तर बहुधा रेझिस्टर जळलेला असतो.

एवढ्यावर सुटलं नाही तर फ्यूज बघून रिले, म्हणजे हुकूम मिळाला की पंख्याचा करंट जोडणारा डबीसारखा स्विच, काढा. त्याच्या अंगावर नकाशा छापलेला असतो. साधारणपणे 30 वर बॅटरीचा करंट, 87 मोटरकडे, 85 आणि 86 कॉइलचे. खाचेतल्या 30 आणि 87 ला फ्यूज लावलेल्या जाड वायरीने जोडा. पंखा फिरला तर मोटर, तिची वायर, अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी वायर) सगळं ठीक. दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात. 30 वर करंट असूनही नाही फिरला तर दोष मोटरच्या बाजूला, मोटर, वायर किंवा अर्थमध्ये. काही गाड्यांत मात्र पंख्याचा वेग मॉड्यूल ठरवतं, तिथे ही युक्ती चालवू नका.

माझ्या गाडीत असं जोडूनही पंखा फिरला नाही, म्हणूनच मी मोटरवर घसरलो होतो. उस्तादांनी 30 आणि 87 जोडलेलेच ठेवून कपलर परत जोडायला लावला, मीटरचं एक टोक मोटरच्या अर्थच्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं होतं, आले जवळजवळ अकरा. वायर सोलली तर आत हिरवी भुकटी, आणि जेमतेम टेकलेली एकच कुजकी तार. मीटर करंट नावालाच ओढतो, त्याला ती एक तार पुरते. मोटर दहा-वीस अँपिअर मागते, तिला कुठून पुरणार? मोकळ्या कपलरवरचे बारा व्होल्ट मी तेव्हापासून पुरावा मानत नाही. एकवीस वॅटचा बल्ब लावून बघतो. तोसुद्धा पावणेदोन अँपिअरच ओढतो, पण कुजलेल्या वायरीवर बहुधा मिणमिणतो. शेवटचा निकाल मोटर जोडून घेतलेल्या मापाचाच.

सडलेला तुकडा कापला, वायरीच्या टोकाला नवं थिंबल (बोल्टात अडकवायची कडी) दाबलं, चासीवरचा रंग खरवडून बोल्ट आवळला. पंखा लागला. जुनी मोटर जागेवर गेली. नवी एकदा बसवलेली, ती कोण परत घेणार? बरीच वर्षं फळीवर पडून होती. नवा मुलगा आला की उस्ताद ती त्याच्या हातात द्यायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "ही रे कुणाची?"